बाथरूमच्या हजेऱ्या

सात फूट बाय पाच फूट. आमच्या डोंबिवलीच्या घरातलं बाथरूम एवढंच. इमारत १९९४ सालची, घर तिसऱ्या मजल्यावर. दोन पावसाळ्यांपासून खालच्या काकूंच्या बाथरूमच्या छतावर पिवळट डाग होता. बशीएवढा डाग वाढत वाढत ताटाएवढा झाला, तेव्हा काकू वर आल्या. म्हणाल्या, "तक्रार नाही गं, पण अंघोळ करताना अंगावर थेंब पडतो, तो आपलाच की तुमचा, हे कळायला नको का?" गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे संडास, मोरी, सिंक यांच्यामुळे होणारी आतली गळती ज्याच्या घरातली, त्यानेच स्वखर्चाने दुरुस्त करायची असते. त्यामुळे वाद घालण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तीन ठेकेदार बोलावले. टाइल, नळ, पाइप, कमोड, सिमेंट, वाळू, वॉटरप्रूफिंगचं केमिकल सगळं आम्ही आणून देणार, त्यांनी फक्त मजुरी सांगायची, असं ठरवलं. तिघांनीही मापं घेतली, तिघांनीही भिंतीवर टिचक्या मारून मान हलवली आणि तिघंही बोलताना माझ्याकडे न बघता आमच्या ह्यांच्याकडे बघत होते. पहिल्याने सांगितले ३४,०००. दुसऱ्याने ५८,०००. तिसऱ्याने एका छापील कागदावर ९२,०००.

खोली एक, काम एक, आणि आकडे असे. अशा वेळी आपण सगळे जे करतो तेच आम्हीही केलं. शेजारी विचारलं. शेजारच्यांनी चार वर्षांपूर्वी ४०,०००त केलं होतं. नणंदेच्या पुण्याच्या घरी सगळं मिळून दीड लाख लागले होते, त्यात मजुरी किती ते तिलाही ठाऊक नव्हतं. आणि हे म्हणाले, "पस्तीस चौरस फुटांचं तर बाथरूम. अठ्ठावन्न हजार म्हणजे फुटाला साडेसोळाशे रुपये झाले! लूट आहे."

लूट होती की नव्हती ते पुढे बघू. पण फुटाला साडेसोळाशे हा हिशोबच चुकीच्या टोकापासून सुरू झाला होता.

बाथरूमची जमीन पस्तीस चौरस फूट असली तरी काम जमिनीवर कमी आणि भिंतींवर जास्त असतं. चारही भिंतींची लांबी मिळून चोवीस फूट. टाइल सात फुटांपर्यंत न्यायची, म्हणजे १६८ चौरस फूट. त्यातून अडीच बाय सातचं दार वजा केलं की दीडशे राहतात. जमीन धरून १८५. छोट्या झरोक्याचं माप कापावं का, यावर पुष्कळ ठिकाणी हुज्जत होते. मापनाच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १२०० मध्ये, प्लास्टर मोजताना अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची उघडी जागा वजा करत नाहीत. कारण साधं आहे. तेवढी जागा प्लास्टरची वाचते, पण तिच्या कडा काढण्यात मिस्त्रीचा वेळ तेवढाच जातो. तेव्हा दोन बाय दीडच्या झरोक्यावरून कुणाशी भांडू नये.

आता टाइल बसवण्याचा भाव चौरस फुटावर ठरतो हे खरं आहे, आणि घोटाळाही तिथूनच सुरू होतो. समजा १८५ चौरस फुटांचा हॉल आहे. मोकळी जमीन, चार कोपरे, कापाकापी फक्त कडेला. चांगला मिस्त्री आणि एक बिगारी अडीच दिवसांत तो संपवतात. तोच मिस्त्री, तीच टाइल, तेवढंच क्षेत्रफळ, पण बाथरूममध्ये त्याला सहा दिवस लागतात. इथे भिंतीवर टाइल चढवायची, नळाच्या प्रत्येक तोंडासाठी गोल भोक पाडायचं, कमोडच्या मागे वळसा घ्यायचा, कोपऱ्यात दोन टाइलींच्या कडा तिरप्या घासून जुळवायच्या. शिवाय जमिनीला नहाणीकडे ढाळ द्यायचा, आणि ढाळ म्हणजे चारी बाजूंनी एका भोकाकडे उतरणारी, डोळ्याला सपाट वाटणारी जमीन. मिस्त्री आणि बिगारी या जोडीचे दिवसाचे २,००० धरले, तर हॉलची मजुरी फुटाला सत्तावीस रुपये पडते आणि बाथरूमची पासष्ट. कुणी लबाडी केलेली नाही. हॉलचा भाव ऐकून बाथरूमच्या भावावर डोळे वटारणं ही गिऱ्हाइकाची चूक, आणि हॉलच्या भावात बाथरूम कबूल करणं ही ठेकेदाराची. त्याची चूक नंतर आपल्याच भिंतीत उतरते, हा भाग वेगळा.

मग मोजायचं कशात? हजेऱ्यांत. एक माणूस एक दिवस कामावर आला की एक हजेरी. बांधकामावरचा सगळा मजुरीचा व्यवहार शेवटी इथेच येऊन थांबतो. चौरस फूट, रनिंग फूट, पॉइंट ही सगळी हजेऱ्यांचीच वेगवेगळी सोंगं. सरकारी दरसूच्याही अशाच बनतात. कुठल्या कामाला किती गवंडी, किती बिगारी, किती दिवस, ते आधी ठरतं आणि भाव मागून निघतो.

मी स्वतः पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा माझ्या हिशोबात चौदा मिस्त्री-हजेऱ्या आणि तेवढ्याच बिगाऱ्याच्या आल्या. दुसऱ्या ठेकेदाराला, त्या अठ्ठावन्न हजारवाल्याला, मी तो कागद दाखवला. पन्नाशीचा माणूस, शर्टाच्या खिशात पेन्सिल आणि मोजपट्टी. त्याने कागद वाचला, चहा संपवला आणि म्हणाला, "ताई, तुमचं बाथरूम तळमजल्यावर आहे असं धरलंय तुम्ही. आणि राडारोडा आपोआप उडून जातो असंही."

त्याने मला राडारोड्याचं गणित करायला लावलं, आणि त्या गणिताने माझं मत बदललं. जुन्या इमारतींत बाथरूमचा स्लॅब आजूबाजूच्या स्लॅबपेक्षा खाली घेतलेला असतो. त्याला सन्क म्हणतात. त्या खड्ड्यातून सांडपाण्याचे पाइप जातात आणि वरून विटांचे तुकडे, सिमेंटचा माल घालून तो भरलेला असतो. आमचा खड्डा नऊ इंची. पस्तीस चौरस फुटांवर नऊ इंच, म्हणजे सव्वीस घनफूट भराव. त्याच्या वरची फरशी आणि तिच्याखालचा माल सात घनफूट. भिंतींवरची टाइल, तिच्यामागचा माल आणि जुनं प्लास्टर मिळून दीड इंच जाडी धरली तर आणखी एकोणीस. एकूण बावन्न घनफूट. एक घनफूट विटा-सिमेंट ढोबळमानाने पन्नास किलो भरतं. म्हणजे २,६०० किलो! तीन छोट्या मोटारींचं वजन त्या सात बाय पाचच्या खोलीतून निघणार होतं. फोडल्यावर ते फुगून दीडपट होतं, म्हणजे जवळपास अठ्ठ्याहत्तर घनफूट, पाऊण ब्रासाहून थोडं जास्त. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत तीस किलो भरलं, तर सत्त्याऐंशी गोण्या. लिफ्टमधून राडारोडा न्यायला आमच्या सोसायटीत बंदी. साठ पायऱ्या. सत्त्याऐंशी वेळा खाली आणि सत्त्याऐंशी वेळा वर. आणि हे झालं फक्त बाहेर जाणारं. नवीन वाळू, विटा, सिमेंट आणि टाइलची खोकी त्याच पायऱ्यांनी वर यायची होती.

सोसायटीची आणखी एक अट होती: ठोकाठोक सकाळी दहा ते एक आणि दुपारी तीन ते सहा. रविवारी बंद. ब्रेकर चालवणारा माणूस रोज पूर्ण दिवसाचा घेतो, पण यंत्र सहाच तास चालतं. दोन दिवसांचं फोडकाम तीन दिवसांवर जातं, ते असं. दुपारच्या झोपेची किंमत ठेकेदाराच्या कागदावर कुठल्याही ओळीत लिहिलेली नसते, तरी ती तिथे असते.

मग आम्ही दोघांनी मिळून पुन्हा मांडलं. फोडकामाला ब्रेकरवाल्याच्या तीन हजेऱ्या. भरणं, उतरवणं मिळून बिगाऱ्यांच्या पाच. सामान वर चढवायला दोन बिगारी. प्लंबरच्या सहा हजेऱ्या: चार भिंतीत झिऱ्या मारून गरम-थंड पाण्याचे पाइप दाबायला आणि खड्ड्यातली सांडपाण्याची जोडणी करायला, दोन अगदी शेवटी नळ, कमोड, बेसिन बसवायला. त्याच्याबरोबर बिगारी चार. वॉटरप्रूफिंगला मिस्त्री तीन, बिगारी तीन. प्लास्टरला दोन आणि दोन. टाइलला ग्राउट भरण्यापर्यंत सहा आणि सहा. वायरमनच्या दोन: गीझर, एक्झॉस्ट, दिवा. बेरीज केली तर कारागिरांच्या बावीस आणि बिगाऱ्यांच्या बावीस. बावीस जोड्या.

कारागिराचे १,२०० आणि बिगाऱ्याचे ८०० हे मी हिशोबापुरते धरलेले आकडे आहेत. वाचकाने आपल्या गावचे घालावेत. ते कळायला फार खटपट लागत नाही. सकाळी आठच्या आत मजूर नाक्यावर जाऊन तिघांना विचारलं की कळतं. शेजारच्या इमारतीत काम चालू असेल तर जेवणाच्या सुट्टीत मिस्त्रीशी दोन मिनिटं बोललं तरी पुरतं. खालची मर्यादा सरकारने आखलेली आहे. १९४८ च्या किमान वेतन कायद्यापासून बांधकाम मजुरांचं किमान वेतन ठरवलं जातं. महाराष्ट्रात ते परिमंडळाप्रमाणे बदलतं आणि विशेष भत्ता वर्षातून दोनदा सुधारला जातो. बाजारभाव बहुतेक ठिकाणी त्याच्या वरच असतो. पण एखाद्या कोटेशनमधल्या हजेऱ्या मोजून माणशी रोज त्याच्याही खाली येत असेल, तर ते कोटेशन स्वस्त म्हणू नये. त्यात माणसं किंवा दिवस कमी धरले आहेत, एवढंच समजावं.

बावीस जोड्यांचे ४४,००० झाले. हे मजुरांना मिळणारे. ठेकेदाराचं काय?

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खातं आपल्या दरांच्या विश्लेषणात ठेकेदाराचा नफा आणि वरखर्च मिळून पंधरा टक्के धरतं. हा आकडा मला आवडतो, कारण नफ्याला तिथे कुणी पाप मानलेलं नाही. पण तो मोठ्या कामांचा आकडा आहे. शंभर संडासांची इमारत बांधताना एका ठिकाणचं प्लास्टर सुकेपर्यंत मिस्त्री दुसऱ्या ठिकाणी हात चालवतो. एकुलत्या एका बाथरूममध्ये ती सोय नाही. सात बाय पाचमध्ये एका वेळी दोन माणसं मावतात. प्लंबर आत असेल तर टाइलवाला बाहेर. वॉटरप्रूफिंगचा थर सुकतोय, पाणी भरून ठेवलंय, सिमेंट ओलं ठेवायचंय, या दिवसांत ठेकेदाराने मिस्त्रीला दुसऱ्या साइटवर गुंतवून ठेवायचं आणि नेमक्या दिवशी परत आणायचं. नाहीतर मिस्त्री हातचा गेला. होळीच्या किंवा दिवाळीच्या तोंडावर तो गावाला गेला तर पंधरा दिवस फोनच लागत नाही. यात त्याच्या फेऱ्या, ग्राइंडरच्या चकत्या, ब्रेकरचं भाडं आणि काम संपल्यावर "एक टाइल बद्द वाजतेय" म्हणून येणारा फोन मिळवा. एका बाथरूमच्या कामात वीस ते तीस टक्के मला रास्त वाटतात. पंचवीस धरले तर चव्वेचाळीसचे पंचावन्न हजार होतात.

हाच हिशोब उलटा चालवला की तिन्ही कोटेशनं उलगडतात. आकड्याला सव्वाने भागायचं, म्हणजे ठेकेदाराचा वाटा बाजूला होतो. मग जोडीच्या रोजाने भागायचं, म्हणजे जोड्या निघतात. अठ्ठावन्न हजारांतून तेवीस जोड्या निघाल्या. चौतीस हजारांतून साडेतेरा.

आठ-नऊ जोड्या गेल्या कुठे? मी पहिल्याला फोन केला. तो मोकळेपणाने म्हणाला, "सन्क कशाला काढता ताई? वरूनच केमिकल मारू, जुन्या टाइलवर नवीन टाइल चिकटवू. आठ दिवसांत मोकळे." त्याने फसवलं नव्हतं. त्याच्या मनातलं काम वेगळं होतं आणि त्याचा भाव त्या कामाला बरोबर होता. फक्त आमचा पाइप भरावाच्या पोटात गळत होता, आणि वर टाइलीचा दुसरा थर चढवून तो थांबणार नव्हता. जमीन पाऊण इंचाने वर आली असती, दार खालून तासावं लागलं असतं आणि काकूंच्या अंगावर थेंब पडतच राहिला असता. गळती नसेल, नुसतं बाथरूमचं रूपडं बदलायचं असेल, तर मी त्यालाच काम दिलं असतं.

ब्याण्णव हजारांच्या छापील कागदावर तळाशी जीएसटीची ओळ होती: अठ्ठ्याहत्तर हजारांवर अठरा टक्के. तेव्हा तुलना करायची ती अठ्ठ्याहत्तरशी. जीएसटी मागणाऱ्याला बिलावर पंधरा अक्षर-अंकांचा नोंदणी क्रमांक द्यावा लागतो आणि महाराष्ट्रातला असेल तर तो २७ ने सुरू होतो. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असलेल्या सेवा देणाऱ्याला सहसा नोंदणी करावी लागत नाही, पण नोंदणी नसेल तर कर गोळा करण्याचा हक्कही नसतो. क्रमांक विचारल्यावर "तो बिलाच्या वेळी टाकू" असं उत्तर आलं. तिथेच माझं मन उठलं. पण त्या कागदाला न्याय द्यायचा तर हेही सांगायला हवं की अठ्ठ्याहत्तरमध्ये राडारोड्याचा टेम्पो होता, घराच्या मीटरपर्यंत नवीन वायर होती आणि रोज येऊन बघणारा एक सुपरवायझर होता. मी घरीच असते, मला तो नको. ज्यांचे आईवडील एकटे डोंबिवलीत आणि मुलगा दुबईत, त्यांना त्या सुपरवायझरचे पैसे जड वाटायला नकोत.

चांगला ठेकेदार ओळखायची माझी कसोटी त्यानंतर हीच राहिली. "किती घ्याल?" हा प्रश्न शेवटी. आधी विचारायचं, "माणसं किती आणि दिवस किती?" काम जाणणारा बोटांवर मोजून सांगतो: प्लंबर एवढे, टाइलवाला एवढे. "ते आमचं आम्ही बघतो, तुम्ही फायनल बोला" म्हणणाऱ्याचा आकडा कितीही गोड असो, तो अंदाजाने फेकलेला असतो.

फायनल या शब्दाने आपण स्वतःचं फार नुकसान करून घेतो. भाजीवाल्याशी घासाघीस करावी तशी मजुरीवर केली की ठेकेदार हो म्हणतो. हो म्हणून गेल्यावर तो ते पैसे काढतो कुठून? मिस्त्रीचा रोज कमी करता येत नाही, कारण मिस्त्रीला तीन ठिकाणी मागणी असते. टाइलमध्ये कमी करता येत नाही, कारण ती गिऱ्हाइकाला दिसते. कमी होतं ते झाकलं जाणारं: वॉटरप्रूफिंगच्या दोन हातांऐवजी एक, कोपऱ्यातल्या गोल वाटा काढायच्या राहिल्या, पाइपला पंपाने दाब देऊन रात्रभर ठेवायची चाचणी टळली. टाइलीच्या बाबतीत एक गोष्ट मात्र तपासून घ्यावी. आजकालच्या मोठ्या व्हिट्रिफाइड टाइल अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषतात, त्यामुळे सिमेंटचा माल त्यांच्या पाठीला नीट धरत नाही. त्यांना अॅढेसिव्ह लागतं, आणि अॅढेसिव्ह पातळ थरात लावायचं असल्याने भिंत आधी सरळ हवी. म्हणून कोटेशनमध्ये मोठी टाइल आणि अॅढेसिव्ह आहे पण प्लास्टरच्या हजेऱ्या नाहीत, असं दिसलं की ओळंबा कोण लावणार ते विचारावं.

आम्ही घासाघीस केली नाही असं नाही. पण हजेऱ्यांच्या भाषेत केली. वायरमन आमच्या ओळखीचा होता, त्या दोन हजेऱ्या काढल्या. ठेकेदाराने अडीच हजार कमी केले, ५५,५०० ठरले. टेम्पोचे पैसे होतील तसे आम्ही द्यायचे.

हे सगळं उक्तं ठरवायचं की रोजंदारीवर, यावर घरात दोन दिवस चर्चा चालली. उक्तं म्हणजे ठरलेल्या रकमेत काम अंगावर घेणं. सासऱ्यांचा आग्रह रोजंदारीचा: "उक्त्यात घाई करतात." ते खरंच आहे. पण रोजंदारीत रेंगाळतात, हेही तितकंच खरं. रोजंदारीत वेळ वाढला तर आपलं नुकसान, उक्त्यात वाढला तर त्याचं. कामाचा अंदाज ज्याला चांगला, त्याच्या डोक्यावर वेळेचा धोका असावा, आणि बाथरूमचा अंदाज आपल्यापेक्षा ठेकेदाराला असतो. अपवाद एकच, फोडल्याशिवाय कळत नाही असं काम. स्लॅबच्या सळ्या गंजलेल्या निघाल्या तर? तेवढ्यापुरता हजेरीचा भाव आम्ही कागदावर लिहून ठेवला. घाईला आळा घालायला हप्ते कामाच्या टप्प्यांना बांधले: सुरुवातीला १०,०००, फोडकाम आणि पाइप झाल्यावर १५,०००, पाण्याची चाचणी पास झाल्यावर १५,०००, टाइल झाल्यावर १०,०००, आणि उरलेले ५,५०० महिन्याभराने.

पाण्याच्या चाचणीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण सगळ्या मजुरीचा कस तिथे लागतो. वॉटरप्रूफिंगचा थर सुकला की बाहेर जाणाऱ्या पाइपचं तोंड कापडाच्या बोळ्याने आणि प्लास्टिकने घट्ट बंद करायचं, रिकाम्या सन्कमध्ये चार बोटं पाणी भरायचं, भिंतीवर पाण्याच्या पातळीला पेन्सिलीची रेघ मारायची आणि अठ्ठेचाळीस तास कुणी हात लावायचा नाही. या काळात एकही मजूर कामावर नसतो, म्हणून घाईतला ठेकेदार ही चाचणी सगळ्यात आधी टाळतो. आमच्याकडे पहिल्या सकाळी पाणी रेघेच्या बोटभर खाली गेलं होतं. खालून काकूंचा फोन यायच्या आधी मीच त्यांना फोन केला. ठेकेदार आला, पाणी काढलं, आणि गुडघ्यावर बसून कोपरा न् कोपरा बोटाने चाचपला. नहाणी ट्रॅपच्या गळ्याशी केसाएवढी फट होती. हा ट्रॅप मोठा गमतीचा. आपल्याकडच्या न्हाणीचं नाव घेऊन तो भारतातल्या इंग्रजी बांधकामाच्या पुस्तकांत जाऊन बसला आहे, आणि प्लंबर त्याला तिथून परत आणून 'नानी ट्रॅप' म्हणतो. फट भरली, त्यावर जाळी आणि दोन हात केमिकल दिलं, वाट पाहिली, पुन्हा पाणी, पुन्हा अठ्ठेचाळीस तास. रेघ जागेवर राहिली. दोन जास्तीच्या हजेऱ्या आणि चार दिवस गेले. ठेकेदाराने त्याचे पैसे मागितले नाहीत. वरच्या पंचवीस टक्क्यांचं काय होतं, याचं उत्तर मला त्या सकाळी मिळालं.

ढाळाची परीक्षा मी नंतर स्वतः घेतली. ऐंशीला एक असा ढाळ धरला तर सात फुटांत जेमतेम इंचभर उतार होतो. डोळ्याला दिसत नाही, पण दाराशी तांब्याभर पाणी ओतलं की कळतं. ते नहाणीकडे गेलं. बेसिनखाली मात्र एक वाटीएवढं डबकं राहिलं. मिस्त्रीला दाखवलं, त्याने कपाळाला हात लावला आणि ग्राउट भरायच्या आधी ती एक टाइल उचलून पुन्हा बसवली.

राहता राहिल्या गोण्या. खाली टेम्पोत चढवताना आमचा मुलगा जिन्याच्या तोंडाशी बसून खडूने रेघा मारत होता, पाचपाचचे गठ्ठे. गणितात सत्त्याऐंशी आल्या होत्या. निघाल्या एकशे सहा. सन्कच्या तळाशी जुन्या बिल्डरने भरावात अर्धवट पिंपभर काँक्रीट ओतून ठेवलं होतं. एका टेम्पोत माल मावला नाही, दुसरा बोलवावा लागला. संध्याकाळी ठेकेदार दोन्ही टेम्पोंच्या पावत्या घेऊन आला. टेम्पोचे पैसे आमच्याकडे होते, ते दिले. एकोणीस गोण्या जास्त उतरवल्या त्याचं काय, असं मीच विचारलं. तो पावत्यांच्या मागे पेन्सिलीने काहीतरी मांडत होता. मान वर न करता म्हणाला, "ते उक्त्यात आलं ताई," आणि मुलाला खडूच्या रेघा पुसायला सांगून खाली गेला, कारण जिना घाण झाला म्हणून सेक्रेटरी आरडाओरडा करत होते.